चित्र तुटते कोठे? : अंकीय दूरचित्रवाणीच्या प्रवाहाची तपासणी



दिग्रस व परिसरातील ज्या मंडळींनी चाळिशी ओलांडली आहे, त्यांना घराच्या छपरावरील ॲल्युमिनियमच्या अँटेनाची आठवण असेलच. एकाने वर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्याने खालून 'आलं, आलं, पुन्हा गेलं' असे ओरडायचे, आणि पडद्यावरील मुंग्या कमी झाल्या की सर्वांनी समाधान मानून बसायचे, असा तो काळ होता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा राज्याच्या मुख्यमंत्रिपदी याच जिल्ह्यातील, पुसदचे, वसंतराव नाईक होते. तेथून यवतमाळ जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत चित्र पोहोचावयास मात्र बराच काळ जावा लागला.

त्या जुन्या पद्धतीत एक सोय होती. लहरी क्षीण झाल्या की चित्रही हळूहळू क्षीण होई, त्यामुळे दोष कोठे आहे याचा अदमास डोळ्यांना येई. मुंग्या दिसल्या की अँटेना हलला असावा, दुहेरी चित्र दिसले की लहरी कोठेतरी आदळून परत येत असाव्यात, एवढे गावातील कोणीही सांगत असे. अंकीय पद्धतीने ही सोय काढून घेतली. आता चित्र एक तर पूर्ण स्वच्छ असते किंवा त्याचे ठोकळे पडतात, आवाज तुटतो, आणि क्षणात पडदा काळा होतो. डोळ्यांना कारण कळत नाही. मग ग्राहक केबलचालकास दोष देतो, केबलचालक उपग्रहाकडे बोट दाखवितो, आणि दुरुस्तीवाला नवा संच घेण्याचा सल्ला देतो. तिघेही अंदाजाने बोलत असतात.

वस्तुतः अंदाजाची गरज उरलेली नाही. अंकीय प्रवाह आपली नोंदवही स्वतःबरोबरच वाहून नेत असतो. ती वही वाचणाऱ्या संगणक आज्ञावल्या, म्हणजेच सॉफ्टवेअर, आज विनामूल्य उपलब्ध आहेत. ही वही कशी असते आणि ती वाचल्याने तालुक्याच्या गावी काय साधू शकेल, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

कापसाच्या मुलखात ही गोष्ट समजावून सांगणे कठीण नाही. जिनिंग-प्रेसिंगमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जातात. गाठी एका मापाच्या असतात आणि प्रत्येकीवर खूण व क्रमांक असतो, म्हणून हजारो गाठींतूनही कोणाचा माल कोणता हे कळते. दूरचित्रवाणीचा अंकीय प्रवाह असाच गाठींचा बनलेला असतो. प्रत्येक गाठ, जिला तंत्रज्ञ पॅकेट म्हणतात, बरोबर १८८ बाइटची असते. तिचे पहिले ४ बाइट म्हणजे तिच्यावरची चिठ्ठी आणि उरलेले १८४ म्हणजे माल. ही रचना १९९०च्या दशकाच्या मध्यास आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. उपग्रह, केबल आणि जमिनीवरील प्रक्षेपण या तिन्ही मार्गांना ती समान लागू आहे.

चिठ्ठीवरील पहिला बाइट नेहमी एकच असतो. त्याचे मूल्य दशमान पद्धतीत ७१ आहे. संगणकाच्या वर्णमालेत हा रोमन 'जी' या अक्षराचा क्रमांक होय. प्रवाहाची नोंद केलेली फाइल उघडून पाहिली तर दर १८८ बाइटांनी 'जी' भेटत राहतो. संगणक शिकविणाऱ्या शिक्षकास वर्गात करून दाखविण्याजोगा याहून सोपा प्रयोग क्वचितच सापडेल. चिठ्ठीवर पुढे गाठीची ओळख सांगणारा एक क्रमांक असतो. तो ० ते ८,१९१ यांपैकी कोणताही असू शकतो. एका वाहिनीच्या चित्राला एक क्रमांक, तिच्या आवाजाला दुसरा, शेजारच्या वाहिनीच्या चित्राला तिसरा, अशी ही व्यवस्था असते. केबलच्या सर्वसाधारण मांडणीत एका कंप्रतेवरून सेकंदास सुमारे ३८ दशलक्ष बिट जातात, म्हणजे सेकंदाला २५ हजारांहून अधिक गाठी. त्यात अनेक वाहिन्यांचा माल मिसळलेला असतो. माल कमी पडला तर वेग कायम राखण्यासाठी रिकाम्या गाठी घातल्या जातात. त्यांचा क्रमांक ८,१९१, आणि त्या फेकून द्याव्यात असा संकेत आहे.

इतक्या गर्दीत संचाने आपली वाहिनी शोधावी कशी? त्यासाठी ० क्रमांकाच्या गाठीत अनुक्रमणिका असते. या प्रवाहात कोणकोणते कार्यक्रम आहेत आणि प्रत्येकाचा स्वतंत्र तक्ता कोणत्या क्रमांकावर मिळेल, हे तीत लिहिलेले असते. त्या तक्त्यात चित्राचा व आवाजाचा क्रमांक असतो. १७ क्रमांकावर वाहिन्यांची नावे, १८ वर कार्यक्रमपत्रिका आणि २० वर घड्याळ असते. तलाठी दप्तरात गाव नमुने एकमेकांना जोडलेले असतात, एकावरून दुसऱ्यावर जाता येते, तसाच हा प्रकार. अनुक्रमणिका दर अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा आली पाहिजे, असे युरोपीय दूरसंचार मानक संस्थेच्या तपासणीविषयक मार्गदर्शिकेत नमूद आहे. ही मार्गदर्शिका १९९७ मध्ये प्रथम निघाली. आजही जगभरचे तंत्रज्ञ तिच्याच कसोट्या लावतात.

'डीव्हीबी इन्स्पेक्टर', 'टीएसडक' यांसारख्या आज्ञावल्या नेमके हेच काम करतात. त्या प्रवाहातील सर्व तक्ते उलगडून झाडाच्या फांद्यांप्रमाणे मांडतात, गाठी मोजतात आणि चुका नोंदवितात. दोन्हींचा स्रोत खुला आहे आणि त्यांना मोल पडत नाही. लागते ते एक साधा संगणक आणि केबलची वा तबकडीची तार जोडता येईल असा छोटा ट्यूनर. एका मिनिटाच्या पूर्ण नोंदीस सुमारे २८५ मेगाबाइट जागा लागते, म्हणजे एका पेन ड्राइव्हमध्ये तालुक्याचे दिवसभराचे काम सहज मावावे. आज्ञावली इंग्रजीत आहे ही अडचण खरी. परंतु तीत वाचावयाचे ते बहुतांशी आकडेच असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. चिठ्ठीवर ओळख क्रमांकाखेरीज एक छोटा अनुक्रमांकही असतो. तो ० पासून १५ पर्यंत जातो आणि पुन्हा ० वर येतो. एखाद्या वाहिनीच्या चित्राच्या गाठी ४, ५, ६ आणि एकदम ९ अशा आल्या तर मधल्या दोन वाटेत हरवल्या, हे उघड होते. आज्ञावली प्रत्येक क्रमांकाखाली असे किती खंड पडले हे वेळेसह सांगते. (बरोबर १६ गाठी सलग हरवल्या तर हा अनुक्रम काहीच सांगणार नाही, हे चाणाक्ष विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानात येईल. त्यासाठी अन्य कसोट्या आहेत.) याखेरीज चिठ्ठीवर दोषदर्शक असा एक बिट असतो. प्रक्षेपणाच्या वेळी प्रत्येक गाठीला १६ बाइटचे दुरुस्तीचे गाठोडे जोडून ती २०४ बाइटची केली जाते. त्यामुळे वाटेत ८ बाइटपर्यंत बिघाड झाला तरी ग्राहक यंत्र तो आपोआप सुधारते. बिघाड त्यापलीकडे गेला की यंत्र हात टेकते आणि हा बिट उभा करते. ही मांडणी उपग्रहाच्या पहिल्या पिढीच्या पद्धतीत व केबलवर आढळते. नव्या पिढीच्या उपग्रह पद्धतीत दुरुस्तीचे गणित निराळे आहे, तत्त्व तेच.

या दोन खुणा हाती असल्या म्हणजे दोष कोठे आहे हे ठरविता येते, मात्र नोंद योग्य ठिकाणी घेतली पाहिजे. समजा, दिग्रसजवळच्या एखाद्या खेड्यात संध्याकाळी सात वाजता सर्वांच्याच घरी चित्र तुटते. त्या वेळी तीन ठिकाणी प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची नोंद घ्यावी : केबलच्या नियंत्रण कक्षात तबकडीहून आत येणाऱ्या तारेवर, त्याच कक्षातून बाहेर पडणाऱ्या तारेवर, आणि खेड्यातील शेवटच्या घरी. पहिल्याच नोंदीत खंड असले तर कारण आकाशात किंवा तबकडीत आहे. पहिली स्वच्छ आणि दुसरी सदोष असेल तर कक्षातील यंत्राकडे पाहावे लागेल. पहिल्या दोन्ही स्वच्छ असून तिसरी सदोष निघाली तर मधली तार, तिच्यावरील ॲम्प्लिफायर, पावसाचे पाणी शिरलेला एखादा जोड किंवा खांबावरील गेलेली वीज यांपैकी काहीतरी दोषी आहे. आणि तिन्ही नोंदी स्वच्छ असतील तर ग्राहकाने आपला संच व सेट-टॉप बॉक्स तपासावा. तक्रारदाराचीही चूक निघू शकते, हे अशा तपासणीपूर्वी त्याने मान्य केलेले बरे.

पहिली नोंद टाळण्याकडे कल असतो, कारण नियंत्रण कक्षात प्रवेश मिळविणे सोयीचे नसते. परंतु तीवाचून निष्कर्ष फसवा ठरण्याचा संभव आहे. कक्षातील काही यंत्रे निरनिराळ्या उपग्रहांवरील वाहिन्या एकत्र करताना गाठींवर नव्याने अनुक्रमांक घालतात. आत येतानाच हरवलेल्या गाठींचा खंड मग बाहेरच्या प्रवाहात दिसतच नाही. चित्र तुटलेले असते आणि वही मात्र साफ. जुन्या पानांवर नवे क्रमांक टाकलेले दप्तर ज्या अधिकाऱ्यांनी तपासले आहे, त्यांना याचा अर्थ अधिक सांगावयास नको.

हा सर्व खटाटोप एका चित्रवाणी संचासाठी कशाला, अशी शंका घेतली जाईल. तिचे उत्तर २०२० साली मिळाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्या घरी स्मार्टफोन नव्हता किंवा खेड्यात त्याला रेंज नव्हती, त्या घरच्या मुलांसाठी दूरचित्रवाणी हीच शाळा झाली. २० जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'टिलीमिली' ही पाठांची मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून सुरू झाली. ठरावीक इयत्तेचा पाठ ठरावीक वेळी. तेवढ्या वेळात चित्र तुटले, वा वाहिनीच यादीतून गायब असली, तर त्या मुलाचा त्या दिवसाचा वर्ग बुडाला. अशा वेळी दोष कोणाचा याचा निवाडा आठ दिवसांनी होऊन उपयोग नसतो.

वाहिनी यादीत आहे की नाही, हा प्रश्न कायद्याचाही आहे. केबल दूरचित्रवाणी जाळे (नियमन) अधिनियम, १९९५ च्या कलम ८ अन्वये केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या दूरदर्शनच्या व संसदेच्या वाहिन्या दाखविणे केबलचालकावर बंधनकारक आहे. जिल्हादंडाधिकारी, अपर जिल्हादंडाधिकारी आणि उपविभागीय दंडाधिकारी हे या अधिनियमाखाली प्राधिकृत अधिकारी आहेत. पूर्वी अशी तपासणी म्हणजे एखाद्याच्या घरी बसून एकेक वाहिनी फिरवून पाहणे. आता सर्व कंप्रतांवरील नावांचे तक्ते नोंदवून घेतले की त्या घटकेस प्रवाहात कोणत्या वाहिन्या आहेत याची यादी मिळते, आणि ती अधिसूचनेशी ताडून पाहता येते. मात्र केवळ नाव पाहून थांबू नये. तक्त्यात नाव आहे, पण त्या क्रमांकाच्या गाठी प्रवाहात एकही नाहीत, असेही घडू शकते. पटावर नाव आहे आणि विद्यार्थी वर्गात नाही, तसे. आज्ञावली प्रत्येक क्रमांकापुढे प्रत्यक्ष गाठींची संख्या दाखविते. तपासणीची खरी किल्ली या आकड्यात आहे.

त्याच आकड्यावरून आणखी एक गोष्ट कळते. ३८ दशलक्ष बिटांची वाटणी वाहिन्यांत समान होत नसते. अरुणावतीच्या कालव्यावर टोकाच्या शेतकऱ्याला पाणी किती मिळते हा प्रश्न या भागात नवीन नाही. येथेही तसेच आहे. एका वाहिनीस भरपूर बिट दिले तर दुसरीच्या वाट्याला थोडे येतात, आणि तिचे चित्र हलत्या दृश्यात पुसट वा चौकटीचौकटीचे होते. हा बिघाड नव्हे, ही वाटणी होय. ती जाहीर व्हावी, निदान विचारली तरी जावी. धावत्या सामन्याला अधिक आणि एका जागी बसून वाचलेल्या बातम्यांना कमी बिट लागतात हे खरे असल्यामुळे नुसत्या आकड्यावरून कोणास दोषी धरणे योग्य होणार नाही. परंतु फळ्यावरची अक्षरे वाचता येत नाहीत अशी शिक्षकाची तक्रार असेल, तर हा आकडा पाहिलाच पाहिजे.

मराठीचा प्रश्नही याच तक्त्यांत दडलेला आहे. एकाच वाहिनीवर अनेक भाषांचा आवाज असतो तेव्हा प्रत्येक आवाजापुढे तीन रोमन अक्षरांत भाषेची खूण लिहावयाची असते. मराठीची खूण एम-ए-आर, हिंदीची एच-आय-एन. संच ही खूण पाहून भाषा निवडतो. मराठी आवाजापुढे चुकीची खूण पडली तर मराठी उपलब्ध असूनही प्रेक्षकास ती सापडत नाही. कार्यक्रमपत्रिकेची कथा याहून मनोरंजक आहे. मजकुराच्या आरंभी लिपीची पद्धत सांगणारा एक बाइट घालावा लागतो. सध्याच्या प्रचलित युनिकोड पद्धतीसाठी तो २१ या मूल्याचा असतो. तो विसरला की संच तो मजकूर रोमन लिपीचा समजतो आणि देवनागरीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग उमटते. शिवाय या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. 'दिग्रस' हा शब्द रोमन लिपीत ६ बाइटांत मावतो, तर देवनागरीत वेलांटी आणि हलन्त धरून ६ चिन्हांचे १८ बाइट होतात. कार्यक्रमाचे नाव व अल्प परिचय यांसाठीची एक चौकट २५५ बाइटांपेक्षा मोठी असू शकत नाही, म्हणजे मराठीत ८०-८२ चिन्हांतच आटपावे लागते. पुढील मजकुरासाठी वेगळी चौकट घेता येते. ती घेण्याची तसदी मात्र घ्यावी लागते.

सशुल्क वाहिन्यांचे काय, असे विचारले जाईल. त्यांचा माल कुलपात असतो, चिठ्ठ्या आणि अनुक्रमणिका मात्र उघड्या असतात. म्हणून रचनेची तपासणी करताना कुलूप उघडण्याची गरज पडत नाही आणि तसा प्रयत्न कोणी करूही नये, तो गुन्हा ठरेल. कोणत्या वाहिन्या कुलूपबंद आहेत हेही चिठ्ठीवरील दोन बिट सांगतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांनी वितरकांच्या यंत्रणेच्या लेखापरीक्षणाची तरतूद केली, आणि २०१९ मध्ये त्यासाठी पुस्तिकाही निघाली. लेखापरीक्षक मोठ्या वितरकांकडे जातात. गावच्या शेवटच्या तारेवर काय पोहोचते हे पाहण्याचे काम त्या गावातील जाणत्यांनाच करावे लागते.

२०१२ पासून चार टप्प्यांत केबलचे अंकीकरण झाले आणि ३१ मार्च २०१७ ही शेवटच्या, ग्रामीण, टप्प्याची मुदत होती. पुढे दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक भूप्रक्षेपकही २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. छपरावरच्या अँटेनाचा पर्याय त्याबरोबर गेला. ज्यांना केबल परवडत नाही त्यांच्यासाठी 'डीडी फ्री डिश' ही मासिक शुल्क नसलेली सेवा आहे. तिच्या वाहिन्या ९३.५ अंश पूर्व रेखांशावरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. दिग्रसहून पाहता हा उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे. त्या दिशेस वाढलेले निंबाचे झाड तबकडीच्या आड येत असले तर त्याचा परिणाम नोंदीत लख्ख दिसतो : वारा सुटला की खंड, वारा पडला की शांतता.

ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्रात किंवा शाळेच्या संगणक कक्षात हे काम होऊ शकेल. तक्रारीसोबत ध्वनिचित्राची नोंद जोडू नये. तीत इतरांच्या हक्कांचा कार्यक्रम असतो आणि तिचा आकारही अवाढव्य असतो. आज्ञावली जो लेखी अहवाल काढून देते तो एक-दोन पानांचा असतो. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, कंप्रता, वाहिनीचा क्रमांक, तपासलेल्या गाठी आणि सापडलेले खंड एवढे असले की पुरे. अहवालातील प्रत्येक खंड म्हणजे दोषच असे समजू नये. नियंत्रण कक्षातून यंत्र बदलताना अनुक्रम जाणूनबुजून तोडला जातो आणि तसे गाठीतच नोंदविले जाते. ती नोंद पाहून मगच अहवालावर सही करावी.

तबकडीवरून केलेल्या नोंदीबाबत एक बारीक सूचना शाळांसाठी आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, सकाळी अकराच्या आसपास, सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्याच्या प्रखर लहरींत उपग्रहाचा क्षीण संदेश बुडून जातो आणि काही मिनिटे एकाच वेळी सर्व वाहिन्यांच्या अहवालात खंडांची रांग लागते. ही मिनिटे वर्गाच्या वेळेतच येतात. त्या दिवशीचा अहवाल कोणाकडे पाठवू नये. तबकडीच्या गाभ्यावर पडलेली सूर्याची तिरीप तेवढी विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन दाखवावी.